दसऱ्याचं कडू श्रीखंड

२००६ सालच्या दसऱ्याला दुपारी, जयपूरच्या मानसरोवर भागात मराठी कुटुंबांच्या एका सामुदायिक जेवणात वाढलेलं श्रीखंड कडू निघालं. कुणी आजारी पडलं नाही. श्रीखंड अकोल्याच्या ताईंनी केलं होतं. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे द्यायचा की नाही, हे त्यानंतरच्या रविवारच्या बैठकीत ठरायचं होतं.

आम्ही त्याला मंडळ म्हणायचो, पण त्याची नोंदणी नव्हती आणि फलकही नव्हता. बँक, विमा, रेल्वे आणि केंद्र सरकारची कार्यालयं यांत बदली होऊन आलेली काही घरं गणपती, दसरा आणि पाडव्याला एकत्र जेवायची, एवढंच. माणसं बदलत राहायची. त्यामुळे एकमेकांना नावापेक्षा गावानं किंवा पत्त्यानं ओळखायची पद्धत पडली होती. अकोल्याच्या ताई तशाच अकोल्याच्या ताई झाल्या. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. मंडळाचे सचिव केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होते आणि सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी बंगल्यात राहायचे. त्यांच्या पत्नी म्हणजे सिव्हिल लाइन्सच्या काकू. माझे वडील बँकेत होते. मी जयपूरच्याच एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. माझी पाळी दुपारनंतर सुरू व्हायची, म्हणून पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही, ते तसं सांगेन.

मंडळाचा स्वयंपाक आधी एक इंदापूरकर मावशी करायच्या. त्यांच्या घरची बदली भोपाळला झाली. त्यांच्या जागी ताईंचं नाव माझ्या आईनं सुचवलं. ताई मानसरोवरमधल्या मराठी घरांत आणि बँकेतल्या एकट्या राहणाऱ्या मुलांना जेवणाचे डबे द्यायच्या. त्यांची पुरी गार झाली तरी चिवट होत नसे, हे आईचं कारण होतं. ताईंचं घर बौद्ध होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. सुचवलेल्या नावाला कुणी विरोध केला नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी काकूंनी ड्रायव्हरबरोबर ताईंकडे मलमलीची दोन कापडं पाठवली. धुतलेली, घडी केलेली. निरोप असा होता की आमच्याकडचं सोवळ्याचं कापड आहे, चक्का यातच बांधा. आणि नैवेद्याचं आहे, तेव्हा मधे चाखू नका. ताईंनी दोन्ही गोष्टी पाळल्या. हा निरोप का आला, हे कुणी बोललं नाही.

दसऱ्याला सामुदायिक केंद्रात पाट मांडले होते. आपट्याची पानं जयपुरात सहज मिळत नसत, म्हणून आम्ही खेजडीची, म्हणजे शमीची पानं सोनं म्हणून वाटायचो. ती वाटून झाली, नैवेद्य दाखवून झाला, पंगत बसली. पहिला आवाज एका बँक अधिकाऱ्याच्या मुलीचा आला.

"मम्मा, ये तो करेला है!"

"असं म्हणू नये, प्रसाद आहे," तिची आई म्हणाली. मग तिनं स्वतः पुरीला लावून घास घेतला आणि गिळल्यावर पाण्याचा पेला उचलला.

पंगतीत एकेक हात थांबला. कडूपणा लगेच जाणवत नव्हता. आधी साखर, वेलची लागायची, आणि घास गिळल्यावर जिभेच्या मागे कडू चव वर यायची, ती पाण्यानंही जात नव्हती. श्रीखंड नेहमीपेक्षा थोडं सैलही होतं.

"जायफळ जास्त पडलं असेल."

"केशर खोटं असणार. इथं रंगवलेले मक्याचे केस विकतात लोक केशर म्हणून."

"दूधच वाईट. म्हशीनं काय खाल्लं असेल, भगवान जाणे."

"पातेल्याची कल्हई गेली असेल."

"स्टीलच्या पातेल्याला कुठली कल्हई, काका?"

यावर थोडं हसू झालं. मग माझ्या डावीकडून एक बाई हळू आवाजात म्हणाल्या, "एकेकाच्या हाताला सवय नसते हो. श्रीखंड शेवटी आपल्यातलं."

ताई आत पुऱ्या तळत होत्या. परात घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांना पानांवर तसंच पडलेलं श्रीखंड दिसलं. परात खाली ठेवून त्यांनी पातेल्यातलं थोडं बोटावर घेतलं.

"बाप्पा," त्या म्हणाल्या. जेवणं वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पुरीवर झाली. जाताना आईनं पातेल्यातलं वाटीभर श्रीखंड डब्यात भरून घेतलं.

"ते कशाला?" बाबांनी विचारलं.

"फेकून देण्यापेक्षा बरं."

आई रहस्यकथा वाचायची. शेवटचं प्रकरण आधी वाचायची, आणि मग लेखकानं वाचकाला कुठे चकवलं ते शोधत पहिल्यापासून यायची. तिचं म्हणणं, गुन्हेगार माहीत नसताना वाचण्यात वेळ जातो, माहीत असला की लक्ष लागतं. या प्रकरणात तिच्याकडे शेवटचं प्रकरण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा घेणाऱ्या दोन घरांनी ताईंना "काही दिवस राहू द्या" असा निरोप पाठवला. ताईंचे डबे याच ओळखीवर चालायचे. फराळ गेला असता तर बाकीचे डबेही टिकले नसते. ताईंना हे सांगायची गरज नव्हती. त्या सकाळी मी आणि आई त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून रिकामे डबे पुसत होत्या.

"बसा, बसा. चहा ठेवतो," ताई म्हणाल्या.

"चहा नंतर. दूध कुणाचं?"

"तुमच्याच भैयाचं. तुमच्याकडे येते त्याच किटलीतलं."

हे खरं होतं. आमच्या घरचं त्या दिवशीचं दूध आणि दही दोन्ही चांगलं होतं.

"साखर?"

"नवी गोणी नाई फोडली. आधीचीच. चहात टाकतो ना मी रोज."

"वेलची, जायफळ?"

"वेलची घरची. जायफळ एवढुसं." ताईंनी नखाचं टोक दाखवलं. "आन् केशर काकूइनच दिलं होतं डबीत, ते दुधात भिजवलं."

आईनं येतानाच केशराची चौकशी केली होती. त्याच डबीतलं केशर काकूंनी घटाच्या खिरीत घातलं होतं आणि ती खीर आम्ही अष्टमीला खाल्ली होती.

ताईंची मुलगी कॉलेजात होती. दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आईला म्हणाली, "काकू, पण घरचं तर एकदम बढिया झालं होतं."

"गप बस तू!" ताई ओरडल्या.

"कुठलं घरचं?" आईनं विचारलं.

ताईंनी हातातला डबा ओट्यावर ठेवला. मग ताईंनी सांगितलं. दसऱ्याला त्यांच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. दिवसभर मंडळाच्या स्वयंपाकात जाणार, म्हणून त्यांनी घरासाठीही थोडं श्रीखंड केलं होतं. तेच दही, तीच साखर, तीच वेलची. फक्त वेगळं बांधलं आणि वेगळं फेटलं.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"सांगतलं असतं त लोक काय म्हनले असते, बाई? सोताचं बरं चांगलं केलं, आमचं कडू केलं. असंच म्हनले असते का नाई?"

आईनं होय म्हणायचं टाळलं. घरच्या श्रीखंडातलं थोडं फ्रिजमध्ये उरलेलं होतं. आईनं ते खाल्लं, मीही खाल्लं. ते चांगलं होतं.

"ताई, नीट आठवून सांगा. दोन्हींत फरक कशात होता?"

"कशातच नाई. हां, कापड. त्याइच्या दह्याले त्याइचं कापड, आमच्या दह्याले आमचं. सोवळ्याचं कापड आमच्या घरासाठी कसं वापरू? त्याइनं दोन पाठवले होते, एकच लागलं. दुसरं तसंच ठेवलं, वापस द्याले."

वापरलेलं कापड ताईंनी दसऱ्याच्या संध्याकाळीच साबणानं धुऊन टाकलं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. न वापरलेलं कापड कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. आईनं ते उलगडलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, वास घेतला. पांढरं, स्वच्छ, मऊ कापड होतं. मग तिनं त्याचं एक टोक तोंडात घातलं.

"अवो, काय करता!" ताई म्हणाल्या.

आई चावत राहिली. मग चावायची थांबली.

"पाणी आण गं," ती ताईंच्या मुलीला म्हणाली. पाणी पिऊन झाल्यावर तिनं कापडाचं दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. आधी काहीच लागलं नाही. मग जिभेच्या मागे तीच चव आली.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, झालं, सापडलं. आई म्हणाली, अर्धंच सापडलं. कापड तीन दिवस ताईंच्या घरात होतं. कापड कडू आहे असं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार की ते कुणी कडू केलं. आणि त्याचं उत्तर लोकांनी आधीच ठरवलेलं आहे.

तिचं बरोबर होतं. ताईंच्या मुलीनं कुठल्या तरी मैत्रिणीला घरच्या श्रीखंडाबद्दल सांगितलं होतं. दोन दिवसांत आमच्या घरी फोन आला. पंगतीत माझ्या डावीकडे बसलेल्याच बाई होत्या. "ऐकलंत का? त्यांच्या घरचं म्हणे उत्तम झालं होतं. आता बोला." आईनं फोन खाली ठेवला आणि बाबांना म्हणाली, "मंडळाच्या पुऱ्यांची मोठी परात काकूंचीच आहे ना? परत द्यायची राहिली आहे."

परात घेऊन आम्ही सिव्हिल लाइन्सला गेलो. काकूंनी कॉफी केली. घरची चौकशी केली, माझ्या लग्नाची चौकशी केली, रात्रपाळीची नोकरी मुलीला कशी झेपते ते विचारलं. श्रीखंडाचा विषय त्यांनीच काढला.

"वाईट वाटलं हो. एवढं दही वाया गेलं. मी यांना म्हटलंसुद्धा, एवढ्या मोठ्या प्रमाणात करायची त्यांना सवय नसेल."

"असेल," आई म्हणाली. "तुमची कापडं त्यांच्याकडेच आहेत."

"राहू देत. मला आता काय उपयोग त्यांचा?"

"मग मलाच एखादं तसलं द्या. मऊ आहे. मला परवा थोडा चक्का बांधायचाय."

"वर आहे वाळत. चला, देते."

गच्चीवर दोन दोऱ्या होत्या. एक सगळ्या कपड्यांची, आणि एक उंच, कोपऱ्यात, काठीनं कपडे टाकायची. ती सोवळ्याची. तिच्याखाली उन्हात एक खाट होती आणि खाटेवर मलमलीचं कापड पसरलं होतं. काकूंनी ते कापड दोन्ही हातांनी उचललं. खाली फोडी वाळत घातलेल्या होत्या, फिकट हिरव्या, पिवळसर.

"ही कचरी," काकू म्हणाल्या. "इथं आल्यावर शिकले. शेजारच्या भाभीजींनी शिकवली. कबुतरं फार, म्हणून झाकून ठेवते."

कचरी म्हणजे शेंदाडाच्या जातीचं, लिंबाएवढं रानफळ. राजस्थानात पावसाळा सरता सरता बाजारात येतं. वाळवून वर्षभर चटणीत आणि भाजीत आंबटपणासाठी वापरतात. आईनं एक अर्धवट वाळलेली फोड उचलून दातानं तोडली आणि लगेच ओंजळीत थुंकली.

काकू मनापासून हसल्या. "अहो, कच्ची एखादी कडूजहर निघते! वाळल्यावर, तळल्यावर बघा चव. आमच्याकडे हे भाकरीबरोबर दुसरं काही मागत नाहीत." त्यांनी उचललेलं कापड झटकलं आणि घडी घालू लागल्या. "थांबा, पाण्यातून काढून देते."

"साबण नको?"

"सोवळ्याला साबण? चरबी असते त्यात. आणि वासही लागतो चक्क्याला. मी नुसत्या पाण्यातूनच काढते, आणि इथं वर टाकते. कुणाचा हात लागत नाही."

"पण कचरीवर घातलेलं..."

"भाजीच आहे ती, कोरडी. खरकटं थोडंच आहे?"

"दसऱ्याला पाठवलेली कापडंही इथलीच?"

"सगळी एकाच ताग्याची. आळीपाळीनं वापरते." काकूंचा हात घडीवर थांबला. "का?"

आईनं सांगितलं. ताईंच्या घरचं श्रीखंड, एकच दही, दोन कापडं, न वापरलेलं कापड, त्याचं टोक. तिनं आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "विश्वास ठेवू नका माझ्यावर. हे कापड जरा चावून बघा."

"मी पाण्यातून काढलं होतं," काकू म्हणाल्या.

"हो."

"दोनदा काढलं होतं." त्यांनी कापड चावलं नाही. घडी पूर्ण केली आणि आईच्या हातात दिली, न धुता.

"मी रविवारी बैठकीत दोन वाट्या घेऊन येणार आहे," आई म्हणाली. "तुम्हाला आधी सांगायला आले."

फाटकापाशी काकूंनी कॉफी थोडी गोड झाली होती का, असं विचारलं.

त्या संध्याकाळी मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कचरीबद्दल विचारलं. त्याचं गाव शेखावाटीत होतं. तो बातमीवरून नजर न हटवता म्हणाला, "कच्ची कचरी काटने के बाद मेरी माँ राख से हाथ मलती है जी. पानी से नहीं जाता. नहीं तो रोटी तक कड़वी." मी एवढ्यावर विश्वास ठेवला नसता. पण शनिवारी आईनं स्वयंपाकघरात जे केलं, ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. भैयाच्या एका किटलीतलं दूध, एका पातेल्यात लावलेलं दही. त्याचे दोन सारखे भाग केले. एक आमच्या जुन्या, साबणानं धुतलेल्या कापडात बांधला. दुसरा काकूंच्या कापडात, तिनं ते आधी पाण्यातून दोनदा काढून घेतलं. दोन्ही बोचकी खिडकीच्या गजाला शेजारी शेजारी टांगली. साखर एका डब्यातली. वेलची नाही, केशर नाही. पहिलं श्रीखंड चांगलं झालं. दुसरं थोडं सैल आणि कडू झालं, दसऱ्याइतकं नाही, पण कडू.

रविवारी सकाळी सामुदायिक केंद्रात बैठक होती. सतरंजीवर बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी होतं. ताई आणि त्यांचे यजमान मागे, भिंतीला टेकून बसले होते. काकू पुढच्या रांगेत. सचिवांनी दिवाळी पहाटेचा कार्यक्रम, खर्च, सतरंज्या यांवर चर्चा घेतली आणि मग फराळाचा विषय आला.

"मला वाटतं, या वेळी हलवायाकडूनच घ्यावा. कुणाला त्रास नको. मतलब, कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही."

"हो, हो. तसं नाहीच," कुणीतरी म्हणालं.

"आणि घरचं त्यांचं छान होतं म्हणे," फोनवाल्या बाई समोर बघत म्हणाल्या. "म्हणजे येतं त्यांना. नाही असं नाही."

ताईंचे यजमान उठू लागले. ताईंनी त्यांची बाही धरली. "बसा," त्या म्हणाल्या.

"आधी हे चाखा," आई म्हणाली आणि वाट्या पुढे केल्या. मी चमचे वाटले. पहिली वाटी फिरली. "छान आहे की," विम्यातले एक निवृत्तीला आलेले काका म्हणाले. "वेलची नाही वाटतं?" दुसरी वाटी फिरली तेव्हा त्यांनी अर्धाच चमचा खाल्ला. त्यांनी चमचा बशीत उलटा ठेवला.

"तेच," कुणीतरी म्हणालं. "दसऱ्याचंच. ताईंनी केलंय?"

"मी केलंय," आई म्हणाली. "काल. माझ्या घरी. दोन्ही वाट्या एकाच दह्याच्या."

"मग ही कडू का?"

आई थांबली. तिनं काकूंकडे पाहिलं नाही. ती हातातला चमचा रुमालाला पुसत होती. सचिवांनी पुन्हा विचारलं, "वहिनी, म्हणजे झालं काय नेमकं?"

"दुसऱ्या वाटीचं कापड माझं आहे," काकू म्हणाल्या. त्या मागे वळल्या नाहीत. "दसऱ्याचंही माझंच होतं. कचरीवर झाकलेलं."

"अगं, तू काय बोलतेस?" सचिव म्हणाले.

"मराठीच बोलतेय. कचरी कडू होती. पाण्यातून काढलं होतं मी, पण निघालं नाही. त्यांच्या घरच्याला त्यांचं कापड होतं, म्हणून ते चांगलं झालं."

कुणी काही बोलायच्या आत बँकेतले एक गृहस्थ टाळी वाजवून म्हणाले, "चला, मिटलं! ताई, फराळ तुमच्याकडेच. आपलं ठरलं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ताई उठून उभ्या राहिल्या.

"करीन मी," त्या म्हणाल्या. "पन चाखून करीन."

"म्हणजे?"

"चाखल्याबिगर मी आता काहीच करनार नाई. त्या दिवशी चाखलं असतं त तिथंच कळलं असतं मले. मंग फराळ असो का नैवेद्य असो."

खोलीत चुळबूळ झाली. विम्यातल्या काकांनी मार्ग सुचवला. "ताई, असं करू. फराळाचं काही नाही, खुशाल चाखा. नैवेद्य असेल तेव्हा मात्र देवाची वाटी आधी बाजूला काढायची. मग तुम्ही चाखा. दोन्ही होईल."

"आन् कडू असंल त?" ताई म्हणाल्या. "मंग देवाले बी कडूच जाईन ना, काका."

काका हसले. एक-दोघं हसले, सगळे नाही. सचिवांनी हात वर करायला सांगितले. मी मागून मोजले. ताईंच्या बाजूनं अर्ध्याहून जास्त हात होते. काकू पुढच्या रांगेत होत्या आणि त्यांच्या मागे उंच माणसं बसली होती. त्यांचा हात वर होता की नाही, हे मला दिसलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, मी बघितलं नाही.

दिवाळीचा फराळ ताईंनी केला. दोन घरांनी तो घेतला नाही, त्यांनी हलवायाकडून आणला. कारण सांगितलं नाही. डबे थांबवलेल्या घरांपैकी एकानं ते पुन्हा सुरू केले. सिव्हिल लाइन्सचा फराळ न्यायला सचिव स्वतः स्कूटरवर आले होते.

पुढच्या गुढीपाडव्याला मंडळाचं जेवण पुन्हा सामुदायिक केंद्रात झालं. श्रीखंड ताईंनी केलं. फेटून झाल्यावर त्यांनी चमचाभर खाल्लं, मग देवाची वाटी भरली. ती वाटी गुढीपुढे विम्यातल्या काकांनी ठेवली. दिवाळीत फराळ न घेणारी दोन घरं आली नव्हती. काकू आल्या होत्या. त्या पंगतीत बसल्या आणि श्रीखंड त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.